संलग्न, स्वायत्त की खासगी विद्यापीठ? इंजिनिअरिंगचा फॉर्म भरण्याआधी

इंजिनिअरिंगला जायचं ठरलं की घरातली चर्चा कॉम्प्युटर की मेकॅनिकल इथेच अडकते. पाटीवर ‘महाविद्यालय’ आहे की ‘विद्यापीठ’, हे फारसं कुणी बघत नाही. पण पेपर कोण काढणार, फी कोण ठरवणार आणि पदवी कोण देणार, हे सगळं त्यावरच ठरतं.

संलग्न, म्हणजे एखाद्या विद्यापीठाशी जोडलेलं कॉलेज, ही आपल्याकडची सगळ्यात जुनी व्यवस्था. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठं निघाली ती मुख्यतः परीक्षा घेण्यासाठी. शिकवायचं काम कॉलेजांचं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली आणि कॉलेजं भराभर वाढली, पण परीक्षेचा भार विद्यापीठांवरच राहिला. तो किती जड होतो ते २०१७ मध्ये मुंबईत दिसलं. उत्तरपत्रिका घाईघाईत ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्महिने रखडले, शेवटी कुलगुरूंना पद गमवावं लागलं. अभ्यासक्रमही सावकाश बदलतो. जमेची बाजू एवढीच, की लेखी पेपर सगळ्यांना सारखाच, त्यामुळे शेजारच्या कॉलेजातल्या पोराच्या गुणांशी तुमचे गुण ताडून बघता येतात.

स्वायत्त कॉलेजात अभ्यासक्रम, पेपर आणि निकाल कॉलेजच्या हातात. पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच. प्राध्यापक चांगले असतील तर याच्यासारखी सोय नाही: नवा विषय लवकर येतो, निकाल वेळेवर लागतो. पण शिकवणारा, पेपर काढणारा आणि बऱ्याचदा तपासणाराही एकच. म्हणून प्रवेशाआधी सीनिअर मुलांकडून ‘डेटा स्ट्रक्चर्स’सारख्या एखाद्या विषयाचे मागच्या तीन वर्षांचे एंडसेम पेपर मागून घ्या. नुसते आकडे बदलून तेच प्रश्न दिसले, तर त्या स्वायत्ततेचं काय चाललंय ते कळतं. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ची श्रेणी त्यानंतर बघितली तरी चालेल.

खासगी विद्यापीठ विधिमंडळाच्या कायद्याने उभं राहतं आणि पदवी स्वतः देतं. हा रस्ता सुरुवातीला किती सैल होता, याचं उदाहरण छत्तीसगडचं. तिथल्या २००२ च्या कायद्याखाली बघता बघता शंभरावर विद्यापीठं कागदावर उभी राहिली, शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ प्रा. यशपाल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली मूळ तरतूदच रद्द केली. आज चित्र तितकं वाईट नाही. काही खासगी विद्यापीठांतल्या लॅब बघून सरकारी कॉलेजातल्या मुलांना हेवा वाटेल.

खरा फरक पैशांचा आहे. संलग्न असो की स्वायत्त, खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं आणि मंजूर आकडा वेबसाइटवर बघता येतो. खासगी विद्यापीठ आपली फी आपणच ठरवतं. मुलीसाठी बघत असाल तर हे जास्तच तपासा: वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर पूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करणारा जुलै २०२४ चा शासन निर्णय कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, घेतलेल्या प्रवेशाला लागू आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजेच खासगी) विद्यापीठं त्यातून वगळली होती, मॅनेजमेंट कोटाही. ‘स्कॉलरशिप मिळेल’ असं काउन्सेलर म्हणाला तर सरकारी की संस्थेची, आणि दुसऱ्या वर्षी किती गुणांची अट, ते लेखी घ्या.

अभिमत विद्यापीठाला दर्जा केंद्र सरकार यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, सल्ल्याने देतं. फीचा हिशेब बराचसा खासगी विद्यापीठासारखाच.

माझं मत विचाराल तर कॅपमधून जुनं, नाव असलेलं स्वायत्त कॉलेज मिळत असेल तर फार विचार करू नका. ते नसेल, तर बेताच्या स्वायत्त कॉलेजपेक्षा बरं संलग्न कॉलेज परवडलं. खासगी विद्यापीठाकडे वळायचं ते हवी ती शाखा दुसरीकडे मिळत नसेल आणि चारही वर्षांची फी कर्ज न काढता झेपत असेल तरच. आणि नाव ऐकलेलं नसेल तर आधी यूजीसीच्या बोगस विद्यापीठांच्या यादीवर नजर टाका. ती यादी रिकामी नसते.