'नो डेटा, नो चार्ज' म्हणणाऱ्याला मी १८,५०० रुपये दिले

लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढणं हा माझा धंदा. त्यामुळे "बॅकअप नव्हता का?" हे कृपया कोणी विचारू नका. दुसरी ड्राइव्ह सीझनचे पैसे हातात आले की घ्यायचीच होती, आणि मेमरी कार्डं पुढच्या ऑर्डरसाठी रिकामी करावीच लागतात. २ टीबीची पोर्टेबल ड्राइव्ह टेबलावरून पडली आणि टक-टक वाजू लागली. आत दोन लग्नं आणि एक साखरपुडा. (असा आवाज आला की लगेच केबल काढा. परत परत लावून बघू नका.)

पुण्यातल्या एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलो. 'नो डेटा, नो चार्ज' म्हणाला, म्हणजे डेटा मिळाला नाही तर पैसे नाहीत. तपासणीचे १,००० घेतले. मग म्हणाला, "डेटा वाचणारं हेड गेलंय साहेब. पार्ट काढायला सेम मॉडेलची डोनर ड्राइव्ह लागेल, ९,५००. धूळ नसलेल्या क्लीन रूमचे ८,०००. डेटा शंभर टक्के." पार्टचे आणि रूमचे पैसे 'चार्ज'मध्ये धरत नाहीत म्हणे! यूपीआयवर, त्याच्या खासगी नंबरवर दिले. बिल मागितलं तर, "कशाला? उगाच १८ टक्के जीएसटी वाढेल."

आणि हे बोलता बोलता त्यानं काउंटरवरच ड्राइव्हचं झाकण उघडलं. वर पंखा गरगरतोय, शेजारी गणपतीच्या फोटोपुढं उदबत्ती जळतेय. हेड आणि डेटा साठवणारी चकती, म्हणजे प्लॅटर, यांच्यातलं अंतर धुळीच्या कणापेक्षाही कमी असतं, हे मला माहीत होतं. आठ हजार क्लीन रूमचे आणि काम पंख्याखाली! तिथंच ड्राइव्ह हिसकावून घ्यायला हवी होती. पण खिशात नवरीच्या वडिलांचा फोन थांबता थांबत नव्हता. अशा वेळी समोरचा "शंभर टक्के" म्हणाला की माणूस धरतो त्याचं बोट.

शेवटी उत्तर आलं, "प्लॅटरवर चरे आहेत, डेटा नाही." पैसेही नाहीत.

दुसऱ्या लॅबनं १,१८० घेतले, पक्क्या बिलासह. आत हेडच नव्हते. सर्किट बोर्डवरचा नंबर या मॉडेलचाच नव्हता. ड्राइव्ह वाचायला लागणारी तिची स्वतःची माहिती मूळ बोर्डच्या चिपमध्ये असते, काही पोर्टेबल मॉडेलांत एन्क्रिप्शनची किल्लीसुद्धा. माझेच पार्ट आता कुणाला तरी 'डोनर' म्हणून ९,५०० ला लागले असणार.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "ड्राइव्ह परत मिळाली ना? मग चोरी कसली?" १९३० या सायबर फ्रॉड हेल्पलाइनवर म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः दिलेत, हा ऑनलाइन फ्रॉड नाही, पोलिसांकडे जा. म्हणजे जिथून आलो तिथंच! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारीचा डॉकेट नंबर मिळाला, एसएमएस आले आणि दुकानदाराचा प्रतिसाद नाही म्हणून तक्रार बंद. चोर उत्तर देत नाही म्हणून फाइल बंद, वा! बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे मला एका वकील मित्रानं सांगितलं. पोलीस आणि हेल्पलाइनवाल्यांपैकी एकानंही नाही.

ड्राइव्ह देताना सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. पावती देत नसेल तर उठा. न बघताच शंभर टक्के म्हणणाऱ्याकडून तर आधी उठा.

तिन्ही घरांना मिळून मी ७५,००० परत केले, शिव्या वेगळ्या. आयोगात तक्रार टाकलीय. परवा त्याचाच फोन: "रिव्ह्यू काढा साहेब, दोन हजार देतो." म्हटलं, माझा बोर्ड दे. म्हणाला, "तो तर भंगारात गेला."