सल्फाइडचा निचरा शिकवणारा अभ्यासक्रम: तिसऱ्या पाठासाठी घ्यावा

सस्तन प्राण्यांचे शरीर सल्फाइड हे गंधकाचे विषारी संयुग कसे मोडते, एवढाच विषय घेतलेला सहा पाठांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. जीवरसायनशास्त्र शिकवताना हा भाग मी आजवर दोन वाक्यांत उरकत आलो आहे, हे आधीच कबूल करतो.

पहिले दोन पाठ ओळखीचे आहेत. मोठ्या आतड्यातील जिवाणू सल्फाइड तयार करतात, आपल्या पेशीही सिस्टीन या अमिनो आम्लापासून थोडे तयार करतात, आणि प्रमाण वाढले की श्वसनसाखळीतले (इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत नेऊन ऊर्जा मिळवणाऱ्या साखळीतले) शेवटचे विकर (एन्झाइम) सायटोक्रोम सी ऑक्सिडेज ठप्प होऊन पेशीला समोरचा ऑक्सिजनही वापरता येत नाही.

तिसरा पाठ मात्र मी तीनदा पाहिला. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या आतल्या पटलात बसलेले सल्फाइड क्विनोन ऑक्सिडोरिडक्टेज हे विकर सल्फाइडचे इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीतल्या कोएन्झाइम क्यू या वाहकाकडे सोपवते आणि गंधकाचा अणू ग्लुटाथायोन या छोट्या रेणूच्या गळ्यात घालते, हे अ‍ॅनिमेशनमध्ये इतके सावकाश उलगडले आहे की वहीत आकृती काढत पाहता येते. श्वसनसाखळीचे शेवटचे टोक बंद पाडणारे हे विष अल्प प्रमाणात त्याच साखळीला इंधन पुरवते, हा मुद्दा इथे प्रथमच मला नीट पटला.

चौथ्या पाठात त्या गंधकापासून सल्फाइट आणि थायोसल्फेट (गंधकाला ऑक्सिजन जोडून बनलेली संयुगे) कसे बनते ते येते; हे सल्फाइट बनवणाऱ्या विकराच्या ईटीएचई-१ या जनुकातील दोषामुळे बालकांना होणाऱ्या एथिलमॅलोनिक एन्सेफॅलोपॅथी या मेंदूच्या गंभीर आजाराचे उदाहरणही चपखल आहे. पाचवा पाठ मात्र जुनाट आहे. आतड्याच्या अस्तरात सल्फाइडचे मिथिलीकरण (मिथिल गट जोडणे) हाच मुख्य मार्ग असल्याचे तो सांगतो, वास्तविक उंदरांवरील प्रयोगांतून थायोसल्फेटकडे नेणारे ऑक्सिडीकरणच कितीतरी पटींनी जास्त असल्याचे १९९९ मध्येच दिसले होते. मॉलिब्डेनम या धातूवर चालणारे सल्फाइट ऑक्सिडेज हे विकर, त्यातून बनणारे सल्फेट आणि मूत्रावाटे त्याचे उत्सर्जन हे सारे सहाव्या पाठात घाईघाईने गुंडाळले आहे.

सर्वांत मोठी तक्रार मराठी उपशीर्षकांविषयी आहे. चौथ्या पाठात अनेक ठिकाणी ‘सल्फाइट’च्या जागी ‘सल्फाइड’ छापले गेल्यामुळे, शरीर सल्फाइडपासून पुन्हा सल्फाइडच बनवते, असे वाचावे लागते. मी चूक कळवली, तेव्हा आभाराचे ठरावीक उत्तर आले. दुरुस्ती होईपर्यंत त्या पाठापुरती उपशीर्षके बंद ठेवावीत.