टेम्युरिन जावा ८: शिरोलीच्या फौंड्रीत टाकलंय, चालतंय मस्त, पण फॉन्ट बघून घ्या

शिरोली एमआयडीसीत आमच्या फौंड्रीचं वजनकाटा आणि डिस्पॅच चलनाचं सॉफ्टवेअर जावा ८ वर आहे (जावा म्हणजे असे प्रोग्राम चालवायला पीसीवर टाकावं लागणारं सॉफ्टवेअर), बनवणारा वेंडर कधीच फोन उचलायचा बंद झालाय पण प्रोग्राम दणकट. डोकेदुखी जावाचीच. जावाची मालक कंपनी ओरॅकल, तिनं २०१९ पासून जावा ८ चे नवे अपडेट धंद्यासाठी फुकट द्यायचे बंद केले आणि २०२३ ला सबस्क्रिप्शनचा हिशोबच बदलला, आता कॉम्प्युटर नाही मोजायचे, माणसं मोजायची, पार्टटाइम आणि कॉन्ट्रॅक्टवाले धरून. हजाराच्या आतल्या कंपनीला माणशी महिना १५ डॉलर. म्हणजे २०० माणसांची फौंड्री धरा, जावा दोन पीसीवर, मोल्डिंग-फेटलिंगवाल्यांनी माऊसला हात पण लावलेला नाही, तरी वर्षाला ३६ हजार डॉलर! तीस लाखांच्या वर गेलं की राव. मालक म्हणाले, "काढून टाक ते आधी."

मग टेम्युरिन टाकलं, म्हणजे तेच जावा, पण दुसऱ्यांनी बांधलेलं. एक्लिप्स फाउंडेशन ह्या ना-नफा संस्थेचं आहे, फुकट, सोर्स तोच ओपनजेडीकेचा (म्हणजे जावाचा सगळ्यांना खुला असलेला कोड), आणि लायसन्स जीपीएल (ह्यातनं बनवून वाटलेल्याचा कोडही खुला द्या म्हणणारं) असलं तरी क्लासपाथ एक्सेप्शन ह्या सवलतीमुळं आपला प्रोग्राम कुणाला उघडा करून द्यावा लागत नाही. इन्स्टॉल करताना जावा होम आणि जावासॉफ्टच्या रजिस्ट्री कीचा (जावा कुठं आहे त्याच्या विंडोजमधल्या नोंदी) पर्याय आपण होऊन चालू करा, जुनी सॉफ्टवेअरं तिथंच जावा शोधतात. स्पीडमध्ये काडीचा फरक नाही.

घोळ झाला प्रिंटला. ओरॅकलच्या जावा ८ सोबत लुसिडा फॉन्ट यायचे, ते तिसऱ्याच्याच मालकीचे, त्यामुळं ओपन बिल्डमध्ये (खुल्या कोडवरून बांधलेल्या जावात) नाहीत, शिवाय अक्षरं काढणारं इंजिनही वेगळं. चलनावर कास्टिंगचं वजन हीट नंबरच्या (भट्टीच्या त्या खेपेचा नंबर) रकान्यात घुसायला लागलं, गेटवरचा वॉचमन गाडी सोडेना. शेवटी जॅस्परची (चलन छापायच्या टूलची) टेम्प्लेट फाइल नोटपॅडमध्ये उघडून फॉन्टचं नाव एरियल केलं, साइज एक नंबर उतरवली, बसलं.

आता ओरॅकलच्या हातातनं सुटलो असं कुणी समजू नका हां. ओपनजेडीकेमधलं बरंचसं काम आजही त्यांचेच लोक करतात, जावा हे नाव त्यांचं, आणि आपलं बिल्ड खरंच जावा आहे हे दाखवायची टेस्टसुद्धा त्यांचीच. टेम्युरिन ती पास आहे, पण अपाचे ह्या ओपन सोर्स संस्थेनं हार्मनी नावाचं स्वतःचं जावा लिहायला घेतलं होतं, त्याला ती मोकळ्या अटींवर कधी मिळालीच नाही, सन ह्या जावाच्या आधीच्या मालक कंपनीच्या काळापासनं भांडण चाललं, २०१० ला अपाचेवाले जावाचे नियम ठरवणाऱ्या समितीतनं बाहेर पडले आणि २०११ ला प्रोजेक्ट गुंडाळला. आपल्या बाजूला एवढंच की जीपीएलखाली एकदा दिलेला कोड परत घेता येत नाही, म्हणून तर ॲमेझॉनचं कोरेटो, अझुलचं झुलू अशी त्याच कोडची दुसरी दुकानं उभी राहिली.

माझ्याकडनं पाचपैकी चार. एक कापला तो जावाएफएक्ससाठी (प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं काढणारा जावाचा भाग), ते ह्यात येत नाही, तुमचं सॉफ्टवेअर त्यातलं असेल तर लिबेरिका फुल (ते सोबत देणारं असंच दुसरं बिल्ड) घ्या.