केसही टिकवायचेत, मूलही हवंय: फिनास्टेराइड की ड्युटास्टेराइड?

केसांसाठी गोळी सुरू आहे किंवा करायची आहे, आणि वर्षा-दोन वर्षांत मूल हवं आहे, अशांसाठी हे. केसांपुरतं बोलायचं तर ड्युटास्टेराइड सरस. फिनास्टेराइड रक्तातलं डीएचटी (पुरुषांचे केस विरळ करणारं संप्रेरक) साधारण ७० टक्क्यांनी उतरवते, ड्युटास्टेराइड ९० टक्क्यांच्या वर.

घोडं अडतं ते गोळी सोडताना. फिनास्टेराइडचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सहा तासांच्या आसपास, त्यामुळे काही दिवसांत ती रक्तातून जाते. ड्युटास्टेराइडचं तब्बल पाच आठवडे. शेवटच्या कॅप्सूलनंतर चार ते सहा महिने ती रक्तात सापडते. रक्तदानासाठीही म्हणूनच फिनास्टेराइडनंतर एक महिना थांबायला सांगतात, ड्युटास्टेराइडनंतर सहा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, ते यावर धरायचे. म्हणजे एकीकडे तीनेक महिने, दुसरीकडे आठ-नऊ. बायकोचं वय पस्तिशीकडे झुकलं असेल तर हा फरक फार मोठा.

ड्युटास्टेराइडच्या ५२ आठवड्यांच्या चाचणीत निरोगी पुरुषांची शुक्राणूसंख्या सरासरी २३ टक्क्यांनी घटली आणि बंद करून २४ आठवडे झाले तरी तेवढीच कमी राहिली. सरासरी नॉर्मलच्या आत होती हे खरं, पण ज्याचा आकडा मुळातच काठावर आहे त्याला ते परवडत नाही. १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडने निरोगी पुरुषांत असा फरक दिसला नाही. मात्र आधीच संख्या कमी असलेल्या काहींची ती गोळी सोडल्यावर बरीच वाढली आहे. तेव्हा तिलाही सरसकट निर्दोष म्हणू नये. कामेच्छा घटणं दोन्हींत होतं, आणि मन उदास राहू लागलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना लगेच सांगावं.

घरात गरोदर बाई असेल तर फुटलेली कॅप्सूल किंवा तुटलेली गोळी तिच्या हाती लागू नये. औषध त्वचेतून आत जातं आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांची घडण बिघडू शकते. पैसे वाचवायला फिनास्टेराइडच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे चार तुकडे करणारे बरेच आहेत. तो भुगा ओट्यावर सांडतो, आणि ओटा पुसतं कोण? अख्ख्या गोळीवर आवरण असतं, तिची भीती नाही. वीर्यातून जाणारं प्रमाण फार थोडं, तरी ड्युटास्टेराइड चालू असताना बायको गरोदर असेल किंवा असण्याची शक्यता असेल तर कंडोम वापरायला ब्रिटनमधलं माहितीपत्रक सांगतं.

ज्यांना आणखी मूल नको, त्यांनी ड्युटास्टेराइडचा विचार जरूर करावा. बाकीच्यांसाठी माझं माप फिनास्टेराइडकडे झुकतं: आधी वीर्यतपासणी, मग १ मिलिग्रॅम, आणि प्रयत्न सुरू करण्याच्या तीन महिने आधी डॉक्टरांना विचारून बंद. मधल्या काळात डोक्याला मिनॉक्सिडिल हे केसांचं औषध लावता येतं.