ऑर्थोटिक इनसोल घालून धावायचे शूज: कित्येक महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मापाचे ऑर्थोटिक, म्हणजे पायाला आधार द्यायला शूजच्या आत तळाशी ठेवायचे खास इनसोल, बनवून घेतले, मग त्यांना चालतील असे रनिंग शूज घेतले, आणि आता कित्येक महिने रोज वापरून झालेत म्हणून सविस्तर लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा सगळीकडे नुसतं "खूप आरामदायक आहेत" एवढंच वाचायला मिळायचं आणि आत ऑर्थोटिक टाकल्यावर काय होतं ते कुणी सांगतच नव्हतं. माझा त्रास प्लांटर फॅशियायटिसचा, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळपायातल्या जाड पट्ट्याच्या दुखण्याचा, सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सणकन कळ. ऑर्थोटिक पूर्ण लांबीचे आहेत, खाली कडक प्लास्टिक आणि वर पातळ फोम.

घेतले ते ब्रुक्सचे घोस्ट १६, न्यूट्रल प्रकारातले, म्हणजे पाय सावरायला वेगळा आधार नसलेले. पाय आत कलतो म्हटलं की दुकानात बहुतेक वेळा स्टॅबिलिटी शूज पुढे करतात. पण अहो, पाय सावरायचं काम ऑर्थोटिक करतंय ना! त्यात शूजच्या आतल्या बाजूलाही कडक आधार असला तर दोन्ही मिळून पाय उलट बाहेर ढकलला जाऊ शकतो आणि मग घोटा, गुडघा कुरकुरायला लागतात. काही जणांना दोन्ही मुद्दाम सांगतात, पण ते पाय तपासणाऱ्याने ठरवायचं, दुकानदाराने नाही.

ऑर्थोटिक घरी ठेवून शूज घ्यायला जाऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते. आणि जायचं ते संध्याकाळी, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. शूजमधला मूळ इनसोल आधी बाहेर काढायचा आणि मगच ऑर्थोटिक ठेवायचं, एकावर एक ठेवलं तर पाय इतका वर येतो की बोटं वरच्या कापडाला घासतात. काही शूजमध्ये, खास करून रेसिंगच्या हलक्या शूजमध्ये, इनसोल चिकटवलेला असतो, त्यांच्या वाटेला जाऊच नका. ऑर्थोटिक ठेवलं की पाय घालायच्या आधी हात आत घाला आणि टाचेच्या भागावर अंगठ्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दाबा. डुगडुगलं तर शूजचा आतला तळ ऑर्थोटिकच्या कडक प्लास्टिकच्या कवचाला अरुंद पडतोय, मग ते शूज कितीही भारी असोत, धावताना प्रत्येक पावलाला ते कवच हलणार. फार मऊ, जाड फोमवाल्या शूजमध्ये वेगळंच होतं, कडक कवच एका बाजूने फोममध्ये रुतत जातं आणि ज्या कोनासाठी एवढी मापं घेतली तो कोनच बिघडतो. घोस्टचा फोम मऊ आहे पण एवढा नाही, माझं ऑर्थोटिक त्यात सपाट बसतं.

रुंदीच्या अक्षरांकडे पण लक्ष द्या. बायकांच्या मापात बी म्हणजे नेहमीची रुंदी आणि डी म्हणजे रुंद, पुरुषांच्यात मात्र डी हीच नेहमीची आणि टू ई रुंद. मी डी घेतले, लांबी आहे तीच ठेवली. जागा कमी पडली की लोक सरळ एक नंबर मोठा घेतात, पण कमी पडते ती बहुतेक वेळा खोली नाहीतर रुंदी, आणि मोठ्या नंबरात पाय पुढे सरकतो तो वेगळाच त्रास.

टाच निसटणं हा प्रकार ऑर्थोटिक घातल्यावर कुठल्याही शूजमध्ये होऊ शकतो, कारण टाच वर उचलली जाते आणि मागची कड तिला जिथे धरायची तिथे धरत नाही. त्यावर लेस बांधायची एक पद्धत आहे, मला तिनेच वाचवलं. सगळ्यात वर जे एक जास्तीचं भोक असतं ना, त्यात लेस त्याच बाजूने बाहेरून आत ओवायची म्हणजे एक छोटा फास तयार होतो, तसंच दुसऱ्या बाजूला, मग डावं टोक उजव्या फासातून आणि उजवं डाव्यातून काढून खाली ओढायचं आणि नेहमीसारखी गाठ मारायची. टाच जागेवर घट्ट बसते, पायाचा वरचा भाग मात्र आवळला जात नाही.

सुरुवातीला घरातच तासभर चालले, मग हळूहळू वेळ वाढवला, धावणं त्यानंतर. घाई केली तर पोटऱ्या भरून येतात. मध्ये चालताना करकर आवाज यायला लागला होता, ऑर्थोटिकच्या खाली थोडी टाल्कम पावडर टाकली आणि थांबला. धावून आलं की ऑर्थोटिक बाहेर काढून सावलीत वाळवते, उन्हात किंवा हीटरजवळ नाही, कारण उष्णतेने प्लास्टिकचा आकार बदलू शकतो.

टाचेचं म्हणाल तर सकाळची कळ आता क्वचितच येते, पण पोटरीचे स्ट्रेचही रोज चालू आहेत, सगळं श्रेय शूजला नाही देणार. घोस्ट १६ चा ड्रॉप १२ मिलिमीटर, म्हणजे टाच चवड्यापेक्षा तेवढी उंच, आणि माझ्या ताठ पोटऱ्यांना ते मानवलं. घोस्ट १७ मध्ये तो १० आहे. रनिंग शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात, ऑर्थोटिकचं कवच त्याहून कितीतरी जास्त टिकतं, त्यामुळे हेच ऑर्थोटिक पुढच्या जोडात जाणार, आणि तो जोड १७ असला तरी आधी आत हात घालून अंगठ्याने दाबून बघणार, मगच घेणार.