बुकिंग खरं होतं, खोटे आम्हीच निघालो

तीस वर्षं बँकेत काढली. त्यातली निदान दहा काउंटरवर, "अहो काका, ओळख ना पाळख, कुणाच्याही खात्यात पैसे कसले भरता?" असं लोकांना बजावण्यात गेली. म्हणूनच हे लिहायला आठ महिने लागले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही चौघं केनियाला गेलो. मी, आमचे हे, माझी धाकटी नणंद आणि तिचे यजमान. ताडोबा, पेंच सगळं पालथं घालून झालं होतं, आणि रिटायर झाल्यावर मसाई मारा बघायचाच हे ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. रिझर्व्हच्या आतच राहायचं, नदीकाठच्या चांगल्या लॉजमध्ये, हा हट्ट मात्र माझा. आयुष्यात एकदाच जायचं तर रात्री पाणघोड्यांचा आवाज ऐकत झोपायचं, असं मी सगळ्यांच्या गळी उतरवलं. नणंद तर शेवटपर्यंत म्हणत होती, "वहिनी, बाहेरच्या साध्या कॅम्पात राहू, प्राणी तेच दिसणार." तिचं ऐकलं असतं तर!

नावाजलेल्या टूर कंपन्या विमान सोडून माणशी २ लाख ६०-७० हजार सांगत होत्या. तेवढ्यात ताडोबाच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा पोरगा भेटला. पुण्याचा, जिभेवर साखर, स्वतःला 'सफारी क्युरेटर' म्हणवणारा. ग्रुपवर त्याच्या 'हॅपी गेस्ट्स'चे फोटो: टोप्या घातलेले आजी-आजोबा, मागे जिराफ. मला हवं तेच लॉज, त्याच तारखा, तीन रात्री लॉजमध्ये, गाडी, ड्रायव्हर, नैवाशा सरोवराकाठची एक रात्र, पार्क फी, सगळं धरून माणशी १ लाख ६५ हजार. इतकं स्वस्त कसं, विचारलं. "ताई, मध्ये दलालच नाहीत ना! लॉजशी माझं डायरेक्ट आहे."

चौघांचे मिळून ६ लाख ६० हजार. त्यावर तेव्हाच्या नियमाने ५ टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी टूरवर कंपनीने आपल्याकडून आधीच घेऊन सरकारला भरायचा कर. तो झाला ३३ हजार. तर म्हणाला, "ताई, तो कशाला भरता? कंपनीच्या खात्यात नको, मिसेसच्या सेव्हिंगला टाका, हप्त्याहप्त्याने." आणि मी टाकले. टीसीएस काही बुडत नाही, रिटर्न भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो, हे मीच शेकडो खातेदारांना समजावलेलं आहे. पण त्या क्षणी ३३ हजार 'वाचतायत' एवढंच दिसलं.

चौकशी केली नाही असं समजू नका. व्हाउचर आल्याबरोबर मी लॉजच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा पत्ता शोधून ईमेल केली. दुसऱ्याच दिवशी उत्तर: होय, या नावाने चार जणांचं बुकिंग आहे, तीन रात्री, तिन्ही वेळच्या जेवणासकट, पूर्ण पैसे जमा. मी त्याची प्रिंट काढून फाइलला लावली. त्याच व्हाउचरवर केनियाचा ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना, मिळाला. मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस घेऊन आलो. सगळं कसं जिथल्या तिथे.

नैरोबीहून सकाळी निघालो. रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर थांबून ड्रायव्हरने आमचा चौघांचा फोटो काढला, मागे ती अफाट दरी. पुढे माई माहिऊ, नारोक, आणि दुपारी रिझर्व्हचं सेकेनानी गेट. तिथे ड्रायव्हर म्हणाला, तुम्ही बसा, मी तिकिटं काढून आणतो. पाच मिनिटांत परत आला. आता आठवलं की अंगावर काटा येतो: त्याने आमचे पासपोर्ट मागितलेच नाहीत. परदेशी माणसाचं तिकीट काढायचं आणि पासपोर्ट नको? ताडोबाला आधार कार्डाचा नंबर जुळला नाही म्हणून गेटवर अर्धा तास वाद घातलेली मी. पण बाहेर झेब्रे दिसत होते ना.

लॉज म्हणाल तर स्वप्नातलं. गार टॉवेल, लाल रंगाचं कसलंसं सरबत, खाली वळण घेत गेलेली मारा नदी. रिसेप्शनवरच्या मॅनेजरबाईंनी चार फॉर्म पुढे केले. मी 'नॅशनॅलिटी'पुढे इंडियन लिहिलं आणि चारही पासपोर्ट वर ठेवले. बाईंनी एक पासपोर्ट उघडला, मिटला, दुसरा उघडला. मग स्क्रीनकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुमची एलियन कार्ड्स?"

ह्यांना वाटलं थट्टा करतायत. हसले. बाई हसल्या नाहीत.

एलियन कार्ड म्हणजे केनियात राहणाऱ्या परदेशी माणसाचं ओळखपत्र. आमचं बुकिंग होतं 'रेसिडेंट' दराने. तिथल्या बहुतेक लॉजेसची दोन दरपत्रकं असतात. एक बाहेरून येणाऱ्यांसाठी, डॉलरमध्ये. दुसरं तिथे राहणाऱ्यांसाठी, शिलिंगमध्ये, आणि ते निम्म्याहूनही कमी असू शकतं. त्यात काही काळंबेरं नाही, स्थानिक लोकांनी आपला देश बघावा म्हणून ठेवलेली ती सोय. मात्र चेक-इनला पुरावा दाखवावा लागतो, तो नसेल तर फरक भरायचा. आमच्या पोराने नैरोबीतल्या कुणाला तरी हाताशी धरून आम्हाला केनियाचे रहिवासी केलं होतं. आणि शंका कुणाला येणार? इंग्रजांनी मोंबासाहून रेल्वे टाकली तेव्हापासून तिथे आपल्याकडची माणसं आहेत. २०१७ मध्ये तर तिथल्या सरकारने आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. नैरोबीचं कुठलंही भारतीय कुटुंब वीकएंडला माराला येतं तसे आम्ही चौघं, कागदावर.

म्हणजे माझ्या ईमेलला लॉजने दिलेलं उत्तर शब्दन् शब्द खरं होतं. बुकिंग होतं, पैसे पोचले होते. कोणत्या दराने, एवढंच मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. आमचे पासपोर्ट भारतीय आहेत, हे एक वाक्य त्या ईमेलमध्ये असतं तर सगळं तिथल्या तिथे उघडं पडलं असतं.

बाईंनी मग पार्कचं तिकीट मागितलं. ड्रायव्हरने खाली मान घालून दिलं. तेही रेसिडेंटचं.

रिसेप्शनच्या मागच्या बाजूला एका वेताच्या सोफ्यावर बसून आम्ही हिशेब केला. बाहेर माणसं सूर्यास्त बघत होती. त्या हंगामात लॉजचा आमच्यासाठीचा दर माणशी रात्रीला ५५० डॉलर. चौघांचे तीन रात्रींचे ६,६०० डॉलर. त्यांच्याकडे जमा झाले होते ३ लाख ८४ हजार शिलिंग, म्हणजे तीन हजार डॉलरलाही थोडे कमीच. पार्क फी वेगळी. २०२४ पासून माराची फी परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आहे, जानेवारी ते जून १००. तीन दिवसांचे माणशी ६०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने ५२-५३ हजार रुपये. लॉजचे माणशी १,६५० डॉलर, म्हणजे १ लाख ४५ हजार. या दोनच गोष्टी माणशी दोन लाखांच्या घरात जातात. गाडी, पेट्रोल, नैवाशा अजून धरलेलंच नाही. आणि मी १ लाख ६५ हजारांत सगळं मिळतंय म्हणून पेढे वाटायची बाकी होते. दोन्ही दर नेटवर होते. पाच मिनिटांचं गणित, तेसुद्धा बँकेतल्या बाईला जमू नये?

फोन लावला. पहिल्यांदा उचलला. "ताई, सिस्टीम एरर असेल, तुम्ही तिथे भरून टाका, मी रिफंड करतो, पोरासारखा आहे तुमच्या." स्क्रीनशॉट पाठवा म्हणाला, पाठवले. निळ्या टिका आल्या. रात्री परत मेसेज केला, एकच टीक. ती आजतागायत एकच आहे.

नणंदेचे यजमान म्हणाले, आत्ताच्या आत्ता निघू. पण अंधार पडत आलेला, रिझर्व्हमध्ये रात्री गाडी चालवता येत नाही. शेवटी मॅनेजरबाईंनीच मार्ग काढला. त्यांना तसं काही बंधन नव्हतं, बुकिंग रद्द करून पैसे जप्त करू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, जमा आहेत ते पैसे खऱ्या दरात वळते करते, तुम्ही तीनऐवजी दोन रात्री राहा, वरचे १,४२३ डॉलर भरा. आणि सकाळी गेटवर जाऊन स्वतः सांगून पार्क फीचा फरक मिटवा. बाहेर पडताना रेंजरने भारतीय पासपोर्ट आणि रेसिडेंट तिकीट एकत्र बघितलं तर प्रकरण वेगळ्याच वळणावर जाईल. गेले ते तिकिटाचे पैसे गेले, दोन दिवसांचे १,६०० डॉलर कार्डावर भरले. एकूण ३,०२३ डॉलर, २ लाख ६६ हजार रुपये, वर परदेशी चलनात कार्ड वापरल्याबद्दल बँकेचा आकार.

जेवणानंतर काळोखात आमच्या खोलीपर्यंत, म्हणजे तंबूपर्यंत, सोडायला एक अस्करी, म्हणजे पहारेकरी, आला, हातात टॉर्च आणि भाला. लॉजला कुंपण नाही, रात्री एकट्याने फिरायचं नाही. पांघरुणात पाय घातला तर काहीतरी गरम, मऊ लागलं. मी किंचाळले. गरम पाण्याची पिशवी होती, थंडी वाजू नये म्हणून ठेवलेली. खाली नदीत पाणघोडे घुरघुरत होते, म्हाताऱ्या माणसांनी पोट धरून हसावं तसे. ज्याच्यासाठी हट्ट केला तो हाच आवाज. हे जागे होते, पण काही बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं.

दुसऱ्या दिवशी गेटवरून परतताना विल्डबीस्टचे कळप पाहिले, क्षितिजापर्यंत काळे ठिपके. चित्तीण दिसली, तिची दोन पिल्लं दिसली. खोटं कशाला बोलू, मारा सुंदरच आहे. फक्त चौघांपैकी कुणीही फोटो काढले नाहीत. तिसरी रात्र नारोकमध्ये एका साध्या हॉटेलात काढली. तिथे चपाती आणि सुकुमा विकी म्हणून पालेभाजी मिळाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा सगळे पोटभर जेवले.

ड्रायव्हरशी मी परतीच्या वाटेवर बोलले. त्याला नैरोबीच्या माणसाने रेसिडेंट तिकिटांपुरतेच शिलिंग दिले होते. "मामा," (तिकडे बाईमाणसाला मानाने असंच म्हणतात) "मी विचारलं असतं तर पुढची ट्रिप दुसऱ्याला मिळाली असती." त्याच्यावर राग धरायचा का, अजून ठरलेलं नाही. 'पोले सना' म्हणाला, फार वाईट वाटतं या अर्थाने. त्या अख्ख्या साखळीत माफी मागणारा तो एकटाच.

नाशिकला घरी आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पोलिसांचं म्हणणं, राहिलात ना, गाडी मिळाली ना, मग हा दिवाणी मामला. जिल्हा ग्राहक आयोगात मात्र तक्रार दाखल झाली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत, आणि आमच्या रकमेला फी फक्त २०० रुपये. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत चष्मा काढून विचारलं, "पैसे कंपनीच्या खात्यात का नाही भरलेत?" टीसीएसचं सांगावं लागलं. त्यांनी लिहून घेतलं, काही म्हणाल्या नाहीत. बिल नाही, करार नाही, खातं त्याच्या बायकोचं. माझ्या बाजूने भक्कम म्हणावं असं एकच, लॉजच्या मॅनेजरबाईंनी न मागता ईमेलवर दिलेलं पत्र. बुकिंग कुणी केलं, कोणत्या दराने, किती आले, आम्ही किती भरले, सगळं त्यात आहे. असा प्रसंग कुणावर आलाच तर तिथून निघायच्या आधी हे पत्र मागून घ्या. पार्कची पावती स्वतःच्या हातात घ्या, त्यावर कोणता वर्ग लिहिलाय ते वाचा. आणि गाडीत बसून राहू नका, पासपोर्ट घेऊन खिडकीपर्यंत जा. तेवढेच पाय मोकळे होतात.

हे सगळं गिळून गप्पच बसणार होते. पण गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या एका मैत्रिणीने फोटो पाठवला. तिच्या जावेला कुठल्याशा सफारी ग्रुपवर आलेला. रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर आम्ही चौघं, टोप्या घातलेले, दात काढून हसतोय. खाली लिहिलंय 'अवर हॅपी मारा फॅमिली'. मैत्रिणीने विचारलंय, "अगं, ही तूच ना? कशी झाली ट्रिप? जाऊबाईंचं ऑगस्टचं ठरतंय, पहिला हप्ता भरलाय."