आठ महिने रोज वापरल्यावर: आमच्या मेन रोडवरची प्रोटेक्टेड सायकल लेन

वाहत्या ट्रॅफिकपासून आडोसा करून फक्त सायकलींसाठी ठेवलेली ही लेन सुरू झाली त्याच आठवड्यात निम्म्या लोकांनी एकदम भारी म्हणून टाकलं आणि निम्म्यांनी पैशाचा चुराडा. मी मुद्दाम थांबलो होतो, कारण पाऊस, अंधार, ऑफिस सुटायची वेळ हे सगळं अंगावर घेतल्याशिवाय रस्ता कळत नाही. आता आठ महिने झालेत, जवळजवळ रोज जाऊन येऊन, तर लिहितो.

आधी इथे नुसता पांढरा पट्टा होता. नावाला सायकलचा, पण कायम कुणाची तरी गाडी त्यात उभी, मग तिला वळसा घालायला भर ट्रॅफिकमध्ये घुसायचं. गेल्या वर्षी अशाच एका उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं, हँडल दाराला लागलं आणि मी रस्त्याच्या मधल्या बाजूला फेकला गेलो. मागून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून वाचलो, बसच्या पुढच्या चाकाचे नट मला एकेक मोजता आले असते इतकी ती जवळ होती. त्यामुळे माझं मत कोरं नाहीये, हे आधीच सांगतो.

आता रचना अशी आहे: फूटपाथ, मग लेन, मग साधारण मीटरभर मोकळा पट्टा, त्याच्यापलीकडे पार्किंग आणि मग वाहता ट्रॅफिक. म्हणजे उभ्या गाड्यांचीच भिंत होते. न्यूयॉर्कच्या नाईन्थ ॲव्हेन्यूवर २००७ साली हीच पद्धत वापरली होती. मोकळा पट्टा बारीक गोष्ट वाटते पण सगळी जादू त्यातच आहे, दार पूर्ण उघडलं तरी ते त्या पट्ट्यात उघडतं, सायकलवाल्यापर्यंत पोचत नाही. आठ महिन्यांत मला दाराची भीती एकदाही वाटली नाही. आणि दुसरा फरक म्हणजे लेनमध्ये आता माणसं वेगळी दिसतात, शाळेची पोरं, साठीच्या पुढच्या बायका, मागे लेकरू बसवलेले बाप. पूर्वी या रस्त्यावर फक्त माझ्यासारखे जीव मुठीत धरून जाणारेच दिसायचे.

आता भांडणाबद्दल. लेन होण्याआधी रहिवाशांच्या तीन बैठका झाल्या आणि तिन्हींत आरडाओरडा. दुकानदार म्हणत होते पार्किंग गेलं की गिऱ्हाईक गेलं, गाडीवाले म्हणत होते ट्रॅफिक तुंबणार, आम्ही सायकलवाले म्हणत होतो की आमच्या जिवाचं काय. अशी भांडणं सगळीकडे होतात. ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्क वेस्टवर २०१० मध्ये लेन झाली, पुढच्या वर्षी काही रहिवासी कोर्टात गेले आणि ती केस २०१६ पर्यंत चालली, शेवटी त्यांनीच मागे घेतली. कॅनडातल्या टोरांटोत तर ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरच्या झालेल्या लेन काढून टाकायला ओंटारियो प्रांताच्या सरकारने २०२४ मध्ये कायदाच केला, तो जुलै २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने घटनाविरोधी ठरवला. नेदरलँड्सचं उदाहरण लोक देतात की तिकडे पहिल्यापासून सायकलीच, ते खरं नाही. १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती, आणि मग आईबाप रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे चित्र बदलायला लागलं.

पण एक गोष्ट मी इथे मोकळेपणाने मान्य करतो. दुसऱ्या बैठकीत एक वयस्कर दुकानदार उठून म्हणाले, गिऱ्हाईक चालत येईल हो, पण माझा माल काय चालत येणार आहे का, टेम्पो कुठे लावू ते सांगा. आम्ही त्यांना अक्षरशः ओरडून खाली बसवलं. चूक झाली ती. लेन सुरू झाल्यावर पहिले दोन महिने रोज सकाळी माल उतरवणारा टेम्पो लेनच्या तोंडाशीच उभा, कारण त्याला दुसरी जागाच ठेवलेली नव्हती, आणि आम्ही पुन्हा मेन ट्रॅफिकमध्ये. नंतर बाजूच्या गल्लीत माल उतरवायला दोन जागा आखून दिल्या, वेळ ठरवून दिली आणि तेव्हापासून ती कटकट जवळपास संपली. ते काका आता भेटले की हात वर करतात, मीही करतो. त्या बैठकीतच त्यांचं ऐकून घेतलं असतं तर दोन महिने वाचले असते.

बसस्टॉपवाल्यांची तक्रार पण खरी आहे. लेन स्टॉपच्या मागून नेलीये, म्हणजे बसमधून उतरलेल्या माणसाला लेन ओलांडून फूटपाथ गाठावा लागतो. तिथे रस्ता थोडा उंच करून पट्टे मारलेत, पण ज्यांना दिसत नाही त्यांना सायकल येतेय हे कळणार कसं, सायकलला तर आवाजच नसतो. मी तिथे पॅडल थांबवतो आणि कुणी उतरत असेल तर सरळ थांबतो. सगळे थांबत नाहीत आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण गाडीवाल्यांकडून आपण जे मागतो तेच चालणाऱ्यांना द्यायला नको का?

देखभाल कमी पडते. झाडूची मोठी गाडी लेनमध्ये शिरत नाही, त्यामुळे काचा, पाला, खडी सगळं कडेला साचतं आणि पंक्चर वाढलेत. प्लास्टिकचे खांब गाड्यांनी पाडले, खांब गेले आणि खालचे बोल्ट तसेच वर आलेले राहिले, अंधारात चाक त्यावर गेलं तर माणूस आडवाच. जिथे काँक्रीटची कड बांधलीये तिथे यातलं काही होत नाही, म्हणून पूर्ण लांबीला काँक्रीटच हवं हे माझं स्पष्ट मत आहे.

आणि सगळ्यात मोठी उणीव चौकात. अख्खा रस्ता भिंतीआडून येता आणि जिथे खरा धोका तिथेच ती भिंत संपते. वळणाऱ्या गाडीवाल्याला आपण पार्किंगच्या आडून एकदम समोर आलेले दिसतो. यावर उपाय माहीत असलेले आहेत, चौकाच्या आधी पार्किंगच्या काही जागा काढायच्या म्हणजे नजर पोचते, वळणाचा कोपरा आवळायचा म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागतो, आणि सायकलचा सिग्नल काही सेकंद आधी हिरवा करायचा. पहिल्या चौकात हे तिन्ही केलं आणि तिथून मी निवांत जातो. शाळेच्या चौकात अजून काहीच नाही. वळणारी गाडी पन्नासच्या वेगात असेल तर धक्क्याची ऊर्जा तिसाच्या वेगापेक्षा पावणेतीन पटीहून जास्त असते, आणि तिथून जातात ती पोरं.

त्या चौकातल्या चार पार्किंगच्या जागांवरून परत वाद सुरू झालाय, पुढच्या महिन्यात बैठक आहे. या वेळी मी आधीच जाऊन त्या कोपऱ्यावरच्या दोन्ही दुकानदारांना भेटून आलो, एकाला माल कधी येतो विचारलं, दुसऱ्याकडे एक आजोबा आहेत त्यांना गाडीतून दाराशी उतरवावं लागतं, ते लिहून घेतलं. तोपर्यंत मुलगी आणि मी त्या चौकात सायकलवरून उतरतो आणि सायकल हातात धरून चालत ओलांडतो.